स्टार-डेल्टा काढून ड्राइव्ह बसवताना जुनी केबल का चालत नाही

प्रश्न एका साखर कारखान्यातल्या तरुण इलेक्ट्रिशियनचा आहे. बगॅस कॅरियरला, म्हणजे उसाचा चोथा वाहून नेणाऱ्या साखळीला, ३० किलोवॅटची, म्हणजे ४० एचपीची चार पोलची मोटर आहे आणि ती आजवर स्टार-डेल्टा स्टार्टरवर (आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत मोटर चालवणारा) चालत आली. या ऑफ-सीझनला तिथे व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवायचा आहे. ड्राइव्ह एमसीसी रूममध्ये (मोटरींच्या स्टार्टर पॅनेलच्या खोलीत) राहणार, तिथून मोटर ८५ मीटरवर. स्टार-डेल्टाच्या दोन केबल, प्रत्येकी तीन कोअर १६ स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) अ‍ॅल्युमिनियम, पीव्हीसी आर्मर्ड (पोलादी कवचाच्या), ट्रेमध्ये आधीपासून आहेत. त्याच वापरू का? नवी टाकायची तर किती स्क्वेअरची? आणि मागे एका छोट्या ड्राइव्हवर ईएलसीबी (करंट अर्थकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) सारखा पडायचा म्हणून तो बायपास केला होता, इथेही तेच करावं लागेल का?

आधी सरळ उत्तर. जुन्या केबल वापरू नका. तांब्याची २५ स्क्वेअर एक्सएलपीई (पीव्हीसीपेक्षा जास्त उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशनची) केबल टाका, शक्यतो ड्राइव्हसाठी बनवलेली शील्डवाली, म्हणजे तारांभोवती धातूचं आवरण असलेली. ईएलसीबी बायपास करणं तर कुठल्याच कारणाने नको, आणि आधी जिथे केलंय तिथे जाऊन ते आजच नीट करा. आता कारणं जरा सविस्तर सांगतो. पुढच्या वर्षी तुमच्यासमोर ३० ऐवजी १६० किलोवॅटची मोटर असेल, तेव्हा आकडे बदलतील पण हिशोबाची रीत हीच राहील.

४१५ व्होल्टवर ३० किलोवॅटची मोटर पूर्ण लोडला साधारण ५२ ते ५४ अ‍ॅम्पिअर घेते. आपण ५४ धरू. केबलच्या टेबलमध्ये १६ स्क्वेअर अ‍ॅल्युमिनियम पीव्हीसी केबल हवेत ५१ अ‍ॅम्पिअरची दिलेली असते, २५ स्क्वेअर तांब्याची ९० ची, ३५ ची ११० ची. पण हे आकडे हवेचं तापमान ४० अंश आणि केबल एकटी मोकळी टांगलेली, असं धरून काढलेले असतात. तुमचा ट्रे बॉयलरच्या बाजूने जातो. मार्च महिन्यात दुपारी तिथे हात लावून बघा, ५० अंश सहज असतात. पीव्हीसीचा कंडक्टर ७० अंशांपर्यंतच जाऊ द्यायचा असतो, त्यामुळे ५० अंशांच्या हवेत केबलची क्षमता ०.८२ पटीवर येते. त्यात ट्रेमध्ये शेजारी शेजारी पाच-सहा लोड घेतलेल्या केबल झोपलेल्या, त्याचे आणखी ०.७५ धरा. दोन्ही गुणले की ०.६१. म्हणजे ५४ अ‍ॅम्पिअर वाहायला टेबलमध्ये किमान ८८-८९ अ‍ॅम्पिअरची केबल शोधावी लागते. पीव्हीसीत २५ स्क्वेअर तांबं अगदी काठावर बसतं. एक्सएलपीई ९० अंशांपर्यंत चालते, तिला याच गरम हवेत ०.८९ लागू पडतं आणि मुळातला आकडाही मोठा असतो, म्हणून २५ स्क्वेअर एक्सएलपीई ऐसपैस होते. मात्र एक्सएलपीई आहे म्हणून ती ९० अंशांपर्यंत तापवण्याचा हिशोब करू नका. ड्राइव्हची आणि मोटरची टर्मिनलं बहुतेक वेळा तेवढ्या तापमानासाठी नसतात, आणि पहिलं जळतं ते टोक.

ड्रॉपही, म्हणजे केबलमध्येच किती व्होल्ट खर्च होतात ते, बघून घेऊ. २५ स्क्वेअर तांब्याचा रेझिस्टन्स गरम असताना किलोमीटरला साधारण ०.९३ ओहम. ५४ अ‍ॅम्पिअर आणि ८५ मीटरला लाइन व्होल्टेजमध्ये साडेसहा-पावणेसात व्होल्ट पडतात, म्हणजे दीड टक्क्याच्या थोडं वर. ठीक आहे असं वाटेल, आणि ५० हर्ट्झला ते ठीकच आहे. पण बगॅस कॅरियर तुम्ही कमी स्पीडला चालवणार, म्हणून तर ड्राइव्ह घेताय. १० हर्ट्झला ड्राइव्ह मोटरला देतो जेमतेम ८३ व्होल्ट. करंट तेवढाच असेल तर केबलमधला ड्रॉपही जवळपास तेवढाच राहतो. आता तो आठ टक्के झाला. साखळीवर बगॅस भरलेला असताना कॅरियर थांबला आणि पुन्हा उचलायचा झाला की टॉर्क नेमका इथे कमी पडतो. मग लोक ड्राइव्हला दोष देतात. म्हणून ऑटोट्यूनिंग (ड्राइव्ह मोटर मोजून स्वतःला जुळवून घेतो ते) करताना मोटर तिच्या कायमच्या केबलसकट जोडलेली हवी, म्हणजे केबलचा रेझिस्टन्सही ड्राइव्हच्या हिशोबात येतो. वर्कशॉपमध्ये दोन मीटरच्या वायरवर ट्यूनिंग करून मोटर जागेवर नेलेली मी पाहिली आहे. त्याचा उपयोग होत नाही.

आता जुन्या दोन केबलींचं. स्टार-डेल्टात डेल्टाला चालताना प्रत्येक केबलमधून लाइन करंट भागिले १.७३, म्हणजे ३१ अ‍ॅम्पिअर जातात. तुमच्या १६ स्क्वेअर अ‍ॅल्युमिनियमची त्या ट्रेमधली खरी क्षमता ५१ गुणिले ०.६१, म्हणजे तीही ३१ च येते. इतकी वर्षं ती काठावर चालली. ड्राइव्ह लावून त्यातली एकच केबल वापरली तर तिच्यातून ५४ अ‍ॅम्पिअर जातील आणि ती भाजून निघेल. दोन्ही पॅरलल केल्या तर ६२ पर्यंत जातं, कागदावर बसतं. मग नको का म्हणतोय?

पहिलं कारण सेफ्टीचं. ड्राइव्हला कळतो तो दोन्ही केबलींचा मिळून करंट. एका केबलचा एक लग (तारेच्या टोकाला दाबून बसवलेला जोड) ढिला झाला किंवा तुटला, तर त्या फेजचा सगळा करंट दुसरीत जातो. ३१ च्या केबलमधून ५४ अ‍ॅम्पिअर. ड्राइव्हला एकूण ५४ दिसतात, म्हणजे सगळं आलबेल. तो ट्रिप होणार नाही, आणि केबल बगॅसच्या धुळीने भरलेल्या ट्रेमध्ये तापत राहील. साखर कारखान्यात यापुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पॅरलल केबल वापरायच्याच झाल्या तर प्रत्येकीने एकटीने सगळा भार पेलायला हवा, नाहीतर प्रत्येकीला स्वतंत्र संरक्षण हवं.

दुसरं, ड्राइव्हच्या दृष्टीने दोन केबल म्हणजे ८५ नव्हे, १७० मीटर केबल. ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज चालू-बंद करतो, आणि प्रत्येक वेळी केबलची कपॅसिटन्स चार्ज करावी लागते. पीव्हीसीची कपॅसिटन्स एक्सएलपीईपेक्षा जास्त असते. हा करंट मोटरच्या कामाचा नसतो, नुसता आर्मर आणि अर्थिंगमधून फिरतो. मॅन्युअलमध्ये मोटर केबलची कमाल लांबी दिलेली असते ती यासाठीच. आणि तिसरं कारण अ‍ॅल्युमिनियमचं: बऱ्याच ड्राइव्हची टर्मिनलं फक्त तांब्यासाठी असतात. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू आपोआप ढिला होतो.

नवी केबल एकच टाकली की डेल्टा मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये करावा लागतो, हे विसरू नका. नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट डेल्टा आहे ना, ते आधी बघा. मग यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२. नेहमीच्या टर्मिनल प्लेटवर तीन उभ्या पट्ट्या लावल्या की डेल्टा, वरच्या तिन्ही आडव्या जोडल्या की स्टार. स्टार-डेल्टाच्या मोटरमधल्या या पितळी पट्ट्या पहिल्या दिवशीच काढून टाकलेल्या असतात आणि वीस वर्षांनी सापडत नाहीत. त्या नव्या आणा. तिथे वायरचे तुकडे पिळून काम भागवू नका. चुकून स्टार राहिला तर मोटर फिरेल, पण टॉर्क एक तृतीयांश मिळेल.

आता ड्राइव्हच्या पुढची केबल एवढी वेगळी का वागते ते. ४१५ व्होल्ट रेक्टिफाय होऊन डीसी बसवर साधारण ५८७ व्होल्ट होतात. ड्राइव्ह मोटरला जे पाठवतो ते याच ५८७ व्होल्टचे ठोके, आणि एकेक ठोका मायक्रोसेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागात शून्यावरून वर चढतो. हा ठोका केबलमधून लाटेसारखा जातो, वेग मायक्रोसेकंदाला १५० मीटरच्या आसपास. विहिरीच्या भिंतीवर आपटून लाट उसळते तसा तो मोटरच्या टर्मिनलवर आपटून उसळतो आणि तिथे व्होल्टेज जवळपास दुप्पट होतं, म्हणजे ११७० पर्यंत. ०.१ मायक्रोसेकंदाच्या ठोक्याला यासाठी सात-आठ मीटर केबल पुरते. तुमची ८५ आहे, तेव्हा पूर्ण दुप्पट होणार हे धरूनच चाला.

याचा मार बसतो वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर. इन्व्हर्टर ड्यूटीची नवी मोटर असेल तर तिचं इन्सुलेशन हे सोसायला बनवलेलं असतं. तुमची मोटर जुनी, बहुधा एक-दोनदा रिवाइंड झालेली. म्हणून दोन गोष्टी करा. ड्राइव्हच्या आउटपुटला, ड्राइव्हच्या अगदी जवळ, डीव्ही-डीटी फिल्टर (ठोक्याचा चढ मंद करणारा) लावा, किमान आउटपुट चोक, म्हणजे कॉइल तरी. आणि ड्राइव्हची कॅरियर फ्रीक्वेन्सी, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा चालू-बंद करतो तो आकडा, ४ किलोहर्ट्झच्या वर नेऊ नका. मोटरची शिट्टी थोडी जास्त ऐकू येईल, बॉयलर हाउसमध्ये त्याचा कुणाला त्रास नाही. मोटर पुन्हा रिवाइंडला गेली तर रिवाइंडरला स्पष्ट सांगा की ही ड्राइव्हवर चालणार आहे. तार इन्व्हर्टर ग्रेडची, फेजच्या मध्ये कागद नीट, वार्निश दोनदा. चार पैसे जास्त जातात, पण भर हंगामात कॅरियर उभा राहिला तर गव्हाणीपासून मागे सगळं थांबतं.

शील्ड आणि अर्थिंग. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

कृष्णाकाठच्या एका कारखान्यात बॉयलरचा धूर ओढणाऱ्या ११० किलोवॅटच्या आयडी फॅनच्या मोटरचं बेअरिंग एकाच हंगामात तीनदा बदललं होतं. ग्रीस बदललं, अलाइनमेंट केली, बेअरिंगची कंपनी बदलली. मला बोलावलं तेव्हा मी जुनं बेअरिंग मागितलं आणि ग्राइंडरने बाहेरची रिंग कापून घेतली. आत गोळ्यांच्या वाटेवर करड्या रंगाच्या आडव्या रेघा, अगदी सारख्या अंतरावर, कंगव्याच्या दातांसारख्या. नख फिरवलं की खरखर लागायची. हे घर्षणाचं काम नव्हे. बेअरिंगमधून वीज जात होती आणि ग्रीसच्या पातळ थरात लाखो बारीक ठिणग्या पडून पोलाद खाल्लं जात होतं. केबल चांगली, महागडी शील्डवाली होती. पण पॅनेलमध्ये शील्ड सोलून, पिळून, वीतभर हिरव्या वायरला जोडून अर्थ बारवर नेली होती, आणि मोटरकडे ती टेप गुंडाळून सोडून दिली होती. ग्लँड प्लेटला (केबल पकडणारे ग्लँड ज्यावर बसतात तो पॅनेलचा पत्रा) पावडर कोटिंग तसंच. ओहममीटरने अर्थिंग उत्तम दाखवत होतं. पण या करंटची फ्रीक्वेन्सी किलोहर्ट्झ-मेगाहर्ट्झची. त्याला वीतभर पिळलेली वायर म्हणजे बंद दारच. परत यायला जवळची वाट सापडली नाही म्हणून तो शाफ्टवरून, बेअरिंगमधून, फॅनच्या फाउंडेशनमधून फिरून येत होता. आम्ही दोन्ही टोकांना शील्ड चहूबाजूंनी पकडणारे ग्लँड लावले, ग्लँडखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, मागच्या बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग घातलं. पुढच्या हंगामात त्या मोटरचं बेअरिंग उघडावं लागलं नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. पहिली पसंती तीन फेज आणि त्यांच्या मध्ये सारख्या अंतरावर तीन अर्थ कंडक्टर असलेल्या, तांब्याच्या शील्डच्या केबलला. ती मिळाली नाही किंवा बजेटात बसली नाही, तर साडेतीन कोअरची २५ स्क्वेअर तांबं, एक्सएलपीई आर्मर्ड घ्या. तिची अर्धी कोअर १६ स्क्वेअरची असते, आणि २५ च्या फेजला अर्थ कंडक्टर १६ चा पुरतो, म्हणजे ती अर्धी कोअर अर्थ म्हणून बरोबर बसते. पोलादी आर्मर तांब्याच्या शील्डएवढा चांगला नाही, पण दोन्ही टोकांना डबल कॉम्प्रेशन ग्लँडमध्ये नीट पकडला तर बरंच काम करतो. ३० किलोवॅटला हे चालवून घेता येतं. त्याच्या वरच्या मोटरला मी शील्डवाल्या समतोल केबलचाच आग्रह धरतो. सिंगल कोअर तीन केबल लोखंडी ग्लँड प्लेटच्या तीन वेगळ्या भोकांतून नेणं मात्र टाळा, मधला पत्रा तापतो.

आपल्याकडे मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या लागतात, तो केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे आणि जीआय पट्टीने तुम्ही तो पाळतच असाल. त्या दोन पट्ट्या राहू द्या. पण त्या आहेत म्हणून केबलमधली अर्थ कोअर सोडून देऊ नका. ती मोटरच्या टर्मिनल बॉक्समधल्या अर्थ बोल्टपासून थेट ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलवर गेली पाहिजे. पट्टी माणसाला शॉकपासून वाचवते. ड्राइव्हने पाठवलेला हाय फ्रीक्वेन्सी करंट ज्या केबलने गेला त्याच केबलने परत आणण्याचं काम ही कोअर आणि शील्ड करतात.

यातच ईएलसीबीचं उत्तर आहे. ड्राइव्हचा लीकेज करंट नेहमीच असतो आणि तो ३.५ मिलिअँपिअरच्या वर सहज जातो. घरगुती प्रकारचा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी त्याला फॉल्ट समजून पडतो. उलट ड्राइव्हच्या डीसी बाजूला खराच फॉल्ट झाला तर तो सरळ डीसी करंट या ईएलसीबीला कळतच नाही, आणि तो आंधळा होऊन बसतो. म्हणजे तो चुकीच्या वेळी पडतो आणि बरोबर वेळी पडत नाही. म्हणून तो बदला. जिथे माणसाच्या संरक्षणासाठी आरसीडी (ईएलसीबीसारखाच गळतीवर पडणारा स्विच) हवाच, तिथे टाइप बी, म्हणजे सरळ डीसी गळतीही ओळखणारा घ्या. कायमच्या जोडलेल्या मोटर फीडरला सेटिंग आणि टाइम डिले असलेला अर्थ लीकेज रिले लावा. लीकेज कायम असतो म्हणूनच ड्राइव्हची अर्थ वायर किमान १० स्क्वेअर तांब्याची, नाहीतर दोन स्वतंत्र. जोडताना ती सगळ्यात आधी जोडायची, काढताना सगळ्यात शेवटी. ती सुटलेली असताना चालू ड्राइव्हच्या बॉडीला हात लावणाऱ्या माणसातून हाच लीकेज जाईल.

इनपुटची केबल छोटी आहे, पण तिचाही हिशोब करा. ड्राइव्ह सप्लायमधून करंट सलग घेत नाही, टोकाटोकांनी घेतो. चोक असेल तर तुमच्या ड्राइव्हचा इनपुट ५१ अ‍ॅम्पिअरच्या आसपास राहील. चोक नसेल तर त्याच लोडला ६० च्या वर जाईल. चोक आतच आहे की वेगळा घ्यायचा ते ऑर्डर देण्याआधी विचारा. फ्यूज मॅन्युअलमध्ये लिहिलाय त्याच प्रकारचा हवा, कारण एमसीसीबी (सर्किट ब्रेकर) केबल वाचवते, ड्राइव्हमधले डायोड तिच्या आधी जातात.

आणखी एक गोष्ट, जी जुन्या मोटरींत हमखास सापडते. पॉवर फॅक्टरसाठी मोटरच्या जवळ बसवलेला कपॅसिटर. एका ठिकाणी तो बेसफ्रेमच्या मागे, बगॅसच्या ढिगाखाली होता, कुणाला आठवतच नव्हता. नवा कोरा ड्राइव्ह चालू केला, पहिल्याच स्टार्टला ओव्हरकरंट. दोनदा रीसेट केला, तिसऱ्यांदा आउटपुटची आयजीबीटी (व्होल्टेज चालू-बंद करणारा सेमीकंडक्टर) गेली. ड्राइव्हच्या पुढे कपॅसिटर चालत नाही. केबल काढताना मोटरपर्यंत चालत जा आणि बॉक्समधून निघणारी प्रत्येक वायर कुठे जाते ते डोळ्यांनी बघा.

मोटरजवळ आयसोलेटर असेल तर त्याचा ऑक्झिलिअरी कॉन्टॅक्ट ड्राइव्हच्या एनेबलमध्ये (चालू राहायची परवानगी देणाऱ्या इनपुटमध्ये) घ्या, असा की मेन कॉन्टॅक्ट उघडण्याआधी तो उघडेल. आणि स्टॉप दाबला म्हणजे मोटर मृत झाली असं कधीही समजू नका, टर्मिनलवर व्होल्टेज असू शकतं. साखळीवर हात घालायचा तर एमसीसीतला आयसोलेटर बंद, कुलूप, किल्ली खिशात.

ड्राइव्ह उघडायचा असेल तर सप्लाय बंद केल्यावर त्याच्यावर लिहिलेली मिनिटं थांबा. कुठे पाच, कुठे पंधरा. आतल्या कपॅसिटरमध्ये ते ५८७ व्होल्ट तोवर जिवंत असतात. दिवा विझला एवढ्यावर विसंबू नका. डीसी प्लस आणि डीसी मायनसवर १००० व्होल्ट डीसीचा मीटर लावून आकडा खाली आलेला बघा, मगच स्क्रू ड्रायव्हर.

केबल मेगर करताना (जास्त व्होल्टेजने तिचं इन्सुलेशन तपासताना) ती दोन्हीकडून सोडवा. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर मारला तर ड्राइव्ह गेला. कंट्रोलच्या वायरी मोटर केबलपासून किमान ३०० मिलिमीटर लांब, ओलांडायचीच तर काटकोनात. ८५ मीटरवरून स्पीडचा सिग्नल आणायचा असेल तर ० ते १० व्होल्ट नको, ४ ते २० मिलिअँपिअर घ्या.

लग तांब्याचे, साइजच्या डायने क्रिम्प केलेले. टर्मिनल टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळा आणि बोल्टवर मार्करने रेघ मारा. पूर्ण लोडवर तासभर चालू द्या, मग पॅनेलचं दार उघडं न ठेवता जेवढं दिसतं तेवढं थर्मल गनने तपासा. तीन फेजच्या लगमध्ये एखादा दहा अंशांनी जास्त गरम दिसला तर मोटर थांबवा, सप्लाय बंद करून ती मिनिटं थांबा आणि तोच लग पुन्हा उघडा. त्याच्या शेजारची वायर जांभळट झालेली असेल तर टोक कापून नवा लग मारा. यासाठी केबल टाकताना दोन्हीकडे हातभर जादा सोडून ठेवा.